चार मीटर आणि एक निळी रेघ (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, लगेच उत्तर टाइप करायला घेतलं आणि मग थांबलो, म्हटलं आधी शीट परत उघडून बघू आणि मग बोलू. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सिंधुदुर्गात रेडीपासून बांदा-दोडामार्गापर्यंतच्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातले डोंगर जुन्या टोपोशीटवर (सर्व्हेच्या, डोंगरांची उंची आणि ओढे दाखवणाऱ्या नकाशांवर) कसे होते आणि आता कसे आहेत हे मी ताडून बघितलं होतं, आणि एका डोंगराचा माथा चार मीटरने खाली आलाय असं लिहिलं होतं. तुम्ही म्हणता हा आकडा निरर्थक आहे, इंग्रजांनी सैन्यासाठी आणि सारावसुलीसाठी काढलेले कागद आता कशाला उकरायचे, गूगल अर्थवर सगळं उघड दिसतंय, आणि शेवटी असंही की असल्या लेखांनी इथल्या डंपरवाल्यांच्या पोटावर पाय येतो.

चार मीटरबद्दल तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. जुन्या एक इंची नकाशावर (मैलाला एक इंच) कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा, दर ५० फुटांनी असतात, म्हणजे १५ मीटरच्या वर, आणि दोन रेघांच्या मधे जमीन नक्की किती उंच हे फार तर सात-आठ मीटरच्या अंदाजाने सांगता येतं. दुसरी उंची मी घेतली होती ती एसआरटीएमची, म्हणजे फेब्रुवारी २००० मधे स्पेस शटलवरच्या रडारने जी जगभरची उंची मोजली त्यातली. तिची सांगितलेली अचूकताच १६ मीटरची, शिवाय दाट झाडी असली की ते रडार जमिनीपर्यंत पोचत नाही, आईन-किंजळाच्या शेंड्यांचीच उंची बऱ्यापैकी धरतं. दोन्हीकडच्या चुका एकत्र केल्यावर चार मीटरला काहीच अर्थ उरत नाही हे मला लिहायच्या आधीच कळायला हवं होतं. ते वाक्य मी काल काढलं आणि तिथे का काढलं तेही लिहिलंय. पण तीस-चाळीस मीटर खोल खड्डा ह्या चुकांमधे लपत नाही, तो भाग तसाच ठेवलाय.

डेटमचा, म्हणजे जुन्या आणि आताच्या नकाशांचा मोजणीचा पायाच वेगळा असल्याने ते एकमेकांवर बसत नाहीत हा तुमचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. एव्हरेस्ट स्फेरॉइडवरचा (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणित) नकाशा डब्ल्यूजीएस ८४ वर (जीपीएस वापरतं ते गणित) तसाच ठेवला तर आपल्याकडे साधारण शंभर-दीडशे मीटर सरकतो, ते करेक्शन मी दिलं होतं, आणि नंतर दोन देवळं आणि एक नदीचा संगम धरून तपासलंही होतं, फरक राहिला तो चाळीसेक मीटरचा. एक इंची नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ६३ मीटर, तेव्हा पेन्सिलच्या टोकाएवढा फरक. खरी भीती त्याहून जुन्या, एकोणिसाव्या शतकातल्या शीटची असते, कारण मद्रासच्या रेखांशातच जवळपास अडीच मिनिटांची चूक होती आणि ती पुढे सगळ्या नकाशांत आली. अडीच मिनिटं ऐकायला काही वाटत नाहीत, पण आपल्या अक्षांशावर ते चार किलोमीटरच्या वर जातं, म्हणजे एका गावची खाण थेट पलीकडच्या गावात. ती शीट मी वापरलीच नाहीत.

आता ज्या रेघेसाठी मी हा सगळा खटाटोप केला तिच्याबद्दल, कारण तुमच्या प्रतिक्रियेत तिचा उल्लेखच नाही आणि माझ्या दृष्टीने लेखात तीच महत्त्वाची होती. टोपोशीटवर पाणी असलेला ओढा निळा काढतात आणि कोरडा पडणारा काळा. दोडामार्ग तालुक्यातल्या एका गावाच्या वर (गावाचं नाव मुद्दाम देत नाही) डोंगराच्या पोटात, ४५० आणि ५०० फुटांच्या कंटूरच्या मधे, केसाएवढी एक निळी रेघ सुरू होते आणि खाली शेतांपर्यंत जाते. आजूबाजूचे सगळे व्हाळ (ओढे) काळे आणि हा एकटाच निळा. सर्व्हेची माणसं पाऊस संपला की तंबू घेऊन बाहेर पडायची, पावसाळ्याआधी परतायची आणि पावसात बसून फेअर ड्रॉइंग करायची, म्हणजे हे पाणी कोणीतरी कोरड्या दिवसांत उभं राहून बघितलेलं आहे. आता तुम्ही म्हणाल डिसेंबरात बघितलं असेल, डिसेंबरात सगळीकडेच पाणी असतं. मलाही तेच वाटलं, म्हणून गावात गेलो. व्हाळाच्या कडेला घर असलेल्या एका आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ह्या व्हाळाचा पाणी मे म्हयन्यात पण आटायचा नाय, आमी भांडी थयच घासू." घराच्या मागे पाणंदीने वर चढलं की चिऱ्याची बांधलेली एक जुनी बाव आहे, शीटवर तिथे विहिरीचा टिंबही आहे, आणि तिच्या वरच्या अंगाला, जिथे निळी रेघ सुरू व्हायची, तिथे आता खाणीची तिसरी पायरी कापलेली आहे. व्हाळात मी गेलो तेव्हा मार्च होता, गोटे कोरडे आणि त्यांच्यावर लाल गाळाची साय वाळून भेगाळलेली.

असं का होतं हे समजायला फार शास्त्र लागत नाही. वरचा जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी पितो, खाली चिकणमातीचा थर लागला की पाणी आडवं सरकतं आणि डोंगराच्या पोटातून उमाळा होऊन बाहेर येतं. तो थरच कापला, किंवा खड्डा पाण्याच्या पातळीखाली नेऊन पंपाने उपसत राहिलं, की उमाळ्याला पाणी कुठून येणार. तरी सगळा दोष खाणीच्याच माथी मारायची घाई मी करणार नाही, कारण त्याच उतारावर मधल्या वर्षांत काजूसाठी जंगल साफ झालंय आणि चार बोअरवेल पडल्यात, त्यांचा वाटा किती हे नुसत्या नकाशावरून कळणार नाही.

इंग्रजांचं म्हणाल तर साऱ्यासाठी गावनकाशे वेगळे होते, टोपोशीट त्यासाठी नव्हती. सैन्यासाठी होती हे खरं, पण म्हणूनच तर त्यांनी पायवाट कुठून चढते आणि कुठल्या ओढ्याला पाणी आहे हे इतक्या काळजीने लिहिलं, चालत जाणाऱ्या पलटणीला तेच लागतं. आणि डोंगरावर प्लेन टेबल (जागेवरच नकाशा काढायची तिपाईवरची फळी) घेऊन उभे राहणारे बरेचसे सर्व्हेअर आपलेच होते, सामान वाहणारे खलाशी तर सगळेच आपले. जे त्यांना दिसलं नाही किंवा गरजेचं वाटलं नाही ते नकाशात नाही हेही तितकंच खरं, छोट्या चिरेखाणी नाहीत, गावांची नावं ऐकली तशी वाकडीतिकडी लिहिलेली.

गूगल अर्थ मी रोज वापरतो. पण जमिनीचे फोटो काढणाऱ्या लँडसॅटचा पहिला उपग्रहच १९७२ चा, त्याचा एक ठिपका साधारण ८० मीटरचा, आणि रेडीचं खाणकाम त्याच्याही आधीचं. १९७६ साली रेडीला गणपतीची मूर्ती सापडली तीसुद्धा खाणीच्याच परिसरात. खाणीच्या आधीचा डोंगर बघायचा तर कागदाकडेच जावं लागतं, आणि आपला भाग किनाऱ्याला लागून असल्यामुळे ही शीट कितीतरी वर्षं सामान्य माणसाला मिळतही नव्हती.

पोटावर पाय हा शब्द मला लागला. माझ्या सख्ख्या मामाने नऊ वर्षं डंपर चालवलाय, त्या पैशांवर माझ्या दोन मामेबहिणी शिकल्या, आणि मी पुण्या-मुंबईत नाही, वेंगुर्ल्यात राहतो. जुलै २०२१ मधे दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्याला खाणीतलं पाणी फुटून चिखल शेतांत आणि घरांत शिरला तेव्हा ज्यांचं नुकसान झालं त्यांनाही पोट आहेच. खाली येणारं पाणी कुठल्या व्हाळाने जाईल हे लीज देतानाच जुन्या शीटवर बोट ठेवून बघायला पाहिजे, एवढंच मी मागतोय, आणि ते डंपरवाल्याच्याही कामाचं आहे, त्याचं घर त्याच व्हाळाच्या काठी असतं.

शीटचा स्कॅन आणि करेक्शन दिलेली फाइल दोन्ही मेल करतो, तुम्ही स्वतः लावून बघा, माझी अजून चूक सापडली तर इथेच लिहा. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्या बावीचं पाणी मोजायला परत जाणार आहे, जमलं तर या. मागच्या वेळी बारा मीटरची दोरी नेली होती, ती पाण्याला टेकली नाही, ह्या वेळी वीसची आणतो.