१६ वर्षं गाडी चालवून नापास

नापास. आणि कशात, तर एका पांढऱ्या फियाटला आधी जाऊ दिलं नाही म्हणून. ती फियाट तेव्हा गल्लीतून धड बाहेरसुद्धा आलेली नव्हती!

गेल्या वर्षी आम्ही पुण्याहून श्टुटगार्टला आलो. आपलं भारतातलं लायसन्स जर्मनीत सहा महिने चालतं. सातव्या महिन्यात मी अडाणी. जपानी माणसाला, दक्षिण कोरियाच्या माणसाला, अमेरिकेतल्या काही राज्यांतल्या लोकांना जुनं देऊन नवीन मिळतं. आपण त्या यादीत नाही. आपल्याला लेखी परीक्षा, गाडीवरची परीक्षा, डोळ्यांची तपासणी आणि दिवसभराचा प्रथमोपचाराचा वर्ग. त्यात रबराच्या बाहुल्याची छाती दाबायची. दाबली.

आता खरं सांगायचं तर माझं पुण्यातलं लायसन्स कसं मिळालं हे मला माहीत आहे. एजंटनं एका मैदानात नेलं, साहेबांनी गाडी पुढे घ्या म्हटलं, मी घेतली, संपलं. त्यामुळे त्या कागदावर जर्मनांचा विश्वास नसेल तर मी भांडणार नाही. पण नंतरची १६ वर्षं? संध्याकाळी सात वाजताचा नळ स्टॉप? मुसळधार पावसात, काचेवर वाफ धरलेली असताना, समोरून हाय बीम मारत येणाऱ्या ट्रकसमोर उतरवलेला कात्रजचा घाट? ते सगळं शून्य?

शून्यच. कारण मला मान वळवता येत नाही.

इथे वळताना, लेन बदलताना, फुटपाथच्या कडेची गाडी काढताना आधी मधला आरसा, मग बाजूचा आरसा, आणि मग खांद्यावरून मागे वळून बघायचं. त्याला शुल्टरब्लिक म्हणतात. आरशात अख्खा रस्ता रिकामा दिसत असला तरी वळायचं. परीक्षक मागच्या सीटवर बसतो आणि त्याचं रस्त्याकडे असतं त्याहून जास्त लक्ष माझ्या मानेकडे. डोळे नुसते फिरवले तर चालत नाही, मान फिरलेली दिसली पाहिजे. आमचे शिकवणारे साठीचे गृहस्थ आहेत. आवाज कधी चढवत नाहीत, सगळा अपमान अहो-जाहोत. ‘तुम्ही आत्ता एका सायकलवाल्याला मारलंत,’ असं शांतपणे म्हणतात. मी बघते तर लांबपर्यंत सायकल नाही. ‘असता तर,’ म्हणतात. या असता-तरचे ४५ मिनिटांना ७० युरो.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘अगं पण तुला गाडी येते ना? मग कसली परीक्षा?’ मग बाबांनी फोन घेतला आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘तिथे काही द्यावं लागतं का?’ लागतं ना बाबा. दर तासाला द्यावं लागतं. फक्त इथे पावती मिळते.

लेखी परीक्षा मात्र मी झोडून काढली. हजाराच्या वर प्रश्नांचा साठा, त्यातले ३० येतात, चुकांचे १० पर्यंत गुण माफ. पण पाच-पाच गुणांचे दोन चुकले तर गेलात, बेरीज दहाच असली तरी. ताशी ५० वेगाला थांबायला किती अंतर लागतं? विचार करण्यात १५ मीटर, ब्रेक लागण्यात २५, एकूण ४०. रात्री अडीचला उठवून विचारा. एक प्रश्न तर अजून डोक्यातून जात नाही. रस्त्यात हरणं उभी असतील तर काय कराल? वेग कमी करा, हेडलाइट खाली करा, हॉर्न वाजवा.

म्हणजे हरणासाठी हॉर्न चालतो!

कारण माणसासाठी चालत नाही. गावात हॉर्न फक्त धोका असेल तर. पहिल्याच आठवड्यात मी एका सायकलवाल्याच्या मागे अगदी हळूच, दार वाजवावं तसा, एक टुक केला होता. आपला नेहमीचा, ‘मी मागे आहे हं’ एवढाच. तो थांबला. उतरला. सायकल स्टँडला लावली. माझ्या खिडकीशी येऊन त्यानं अत्यंत काळजीनं विचारलं की काय संकट आलं आहे. काय सांगू त्याला, की हे आमच्याकडचं नमस्कार-चमत्कार आहे?

बरं, फियाटकडे येते, कारण खरा राग तो आहे.

इथे ज्या चौकात सिग्नल नाही, पाटी नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. रेश्ट्स फोर लिंक्स. वाचायला दोन ओळींचा नियम. प्रत्यक्षात तुम्ही बऱ्यापैकी रुंद रस्त्यानं सरळ चालला आहात आणि उजव्या हाताला एक बोळ येतो. बोळच म्हणायचा, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, कुंपणाच्या झुडपांनी तोंड झाकलेलं. त्या बोळातला माणूस राजा. तो थांबत नाही, नाक काढून बघत नाही, सरळ येतो.

पुण्यात गल्लीतून बाहेर पडणारा आधी चाक पुढे सरकवतो. तुम्ही त्याच्याकडे बघता, तो तुमच्याकडे बघतो. त्याची घाई किती, तुमचा मूड कसा, याचा अंदाज दोन्हीकडून घेतला जातो, आणि कुणीतरी एक जण हातानं ‘जा बाबा’ करतो. दोन सेकंदांत व्यवहार मिटतो. चुकला तर शिव्या, पण त्यासुद्धा समोरासमोर. मी १६ वर्षांत हेच शिकले, समोरच्याचा चेहरा वाचायला. रिक्षावाल्याच्या मानेवरून तो कुठे वळणार ते मी सांगू शकते, आणि रिक्षावाल्यानं ते स्वतः ठरवायच्या आत सांगू शकते. इथे ही विद्या कुठे वापरू? कुणी कुणाकडे बघतच नाही. कशाला बघेल? हक्क आहे ना त्याचा! समोरची बाई थांबणारच, तिला नियम माहीत असणारच, एवढा गाढ विश्वास. आणि त्या विश्वासाचा सगळा भार माझ्या ब्रेकवर.

परीक्षेत मी फियाटच्या चालकाकडे बघितलं. सवयच ती. म्हातारा होता, सावकाश येत होता, माझ्या अंदाजानं मी आरामात निघून गेले असते. पण शिकवणाऱ्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, आणि तो त्यांनी दाबला की परीक्षा तिथेच संपते. दाबला. मागून पेनाचा आवाज आला. परत येताना गाडी त्यांनी चालवली आणि मी शेजारी बसून सगळे बोळ मोजले. सात.

नवरा पहिल्या फटक्यात पास झाला. त्याविषयी मी काही बोलणार नाही.

आणि हेच शिस्तीचे पुतळे आउटोबानवर, म्हणजे इथल्या द्रुतगती महामार्गावर बघा! गावात ३० च्या रस्त्यावर माझा काटा ४१ वर गेला होता. कॅमेऱ्यात तीन वजा करतात, राहिले ३८, घरी फोटोसकट ३० युरोंचं पत्र. फोटोत मी शिंकतेय. त्याच आठवड्यात आउटोबानवर एका ट्रकला ओलांडायला डाव्या लेनमध्ये गेले, १२० नं, तर मागून एक काळी आउडी किमान २०० नं आली आणि माझ्या डिकीला चिकटून लाइट मारायला लागली. इतक्या जवळ चिकटणं इथेही गुन्हा आहे, पण त्या वेळी ते कुणाला सांगायचं? तिथे वेगाला सरसकट मर्यादा नाही, १३० ही नुसती शिफारस. म्हणजे हॉर्ननं कुणाची झोप मोडायला नको, पण २०० नं अंगावर आलं तर ते गाडीप्रेम. माझे हात अर्धा तास थरथरत होते, आणि हे मी कात्रज उतरलेली बाई सांगते आहे.

शेजाऱ्यांचं तर वेगळंच. सहा महिने संपायच्या आधी एकदा गाडी लावताना चाक चार बोटं फुटपाथवर चढलं. सकाळी वायपरखाली चिठ्ठी. सुवाच्य अक्षर, आदरार्थी बहुवचन, खाली तारीख आणि वेळ, सही नाही. मी पुण्याची. पाटी लिहून माणसाला गार करायची कला आपली, असा मला अभिमान होता. यांनी तो घरपोच मोडला.

पुढची परीक्षा १४ दिवसांच्या आत देता येत नाही. तोवर ट्राम, खांद्यावर मुलीची बॅग, आणि अंगणात आमची गाडी उभी, जिला मी फक्त धुऊ शकते. काल कचरा टाकायला खाली उतरले तर कोपऱ्यावर एक पांढरी फियाट लावलेली दिसली. तीच असेल असं काही नाही. मागचं चाक फुटपाथवर होतं. चांगलं चार बोटं.

घरी येऊन मी कागद घेतला, तारीख घातली, वेळ घातली. व्याकरण तेवढं नवऱ्याकडून तपासून घेतलं.