26 इंची झुंबर डोक्याला लागतंय, आता 14 इंची आणायचं का?

नमस्कार. नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटसाठी तुम्ही आमच्या लेखातलं गणित लावलंत: हॉल 10 बाय 16 फूट, बेरीज 26, म्हणून झुंबराचा व्यास 26 इंच. आता ते डोक्याला लागतंय, पंखा लावला की किणकिणतंय आणि 'हे गणित बंगलेवाल्यांचं, आम्ही आपलं 14 इंची आणतो' असं तुम्ही लिहिलंय. राग रास्त आहे, उपाय मात्र चुकतोय.

बेरजेतून फक्त व्यास निघतो, हे आम्ही ठळक लिहायला हवं होतं. फ्लॅटमध्ये खरी अडचण उंचीची. तुमचं छत फॉल्स सीलिंग धरून 9 फुटांवर. खालून येणं-जाणं असेल तर 7 फूट मोकळे सोडावे लागतात. उरले 24 इंच, आणि छताला टेकणारी वाटी, चेन, झुंबर हे सगळं त्यातच बसवायचं. तुमचं झुंबर 22 इंच उंच, वर चेन आणि वाटी 10 इंच. झाले 32. खालचं टोक आलं 6 फूट 4 इंचांवर. टी-शर्ट डोक्यावरून काढताना हात बरोबर तिथे जातो. कड्या काढून अगदी वर घेतलं तरी वाटी आणि हुकाला 4 इंच लागतातच, म्हणजे 2 इंच कमीच पडणार. खोक्यावर लिहिलेली उंची चेनसकट की चेनशिवाय, हे दुकानातच विचारून घ्यायचं. घोळ बहुतेक तिथेच होतो.

लांबट हॉलमध्ये बेरजेचं गणित फसतं, हा तुमचा मुद्दाही पटला. 13 बाय 13 च्या चौरस खोलीची बेरीज 26 च येते, पण तुमच्या हॉलमध्ये रुंदीचं ऐकायचं: 10 फुटांना 20 ते 22 इंच व्यास पुरे, झुंबराची स्वतःची उंची 18 इंचांच्या आत. 14 इंची तिथे देवघरातला दिवा वाटेल.

किणकिण आकारामुळे नाही, अंतरामुळे आहे. 1200 मिलिमीटरच्या पंख्याचं पातं मध्यापासून जवळपास 2 फूट जातं. पात्याचं टोक आणि झुंबराची कड यांत आणखी 2 फूट हवेत. 22 इंची झुंबराचा अर्धा व्यास 11 इंच, म्हणजे दोघांच्या मध्यांत किमान 5 फूट. 16 फुटांच्या लांबीत ते आरामात बसतं. बल्ब मात्र पात्यांच्या पातळीखाली ठेवा, नाहीतर पाती उजेड कापतात आणि भिंतींवर सावल्या नाचतात.

पंखा हलवायचा नसेल तर झुंबरासाठी नवा हुक लागेल. जिप्समच्या सीलिंगवर वजन टाकू नका, ते काही धरत नाही. सीलिंगला भोक पाडून वर स्लॅबमध्येच अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट धरणारा बोल्ट) बसवायचा; वाटी फक्त भोक झाकते. फॅन बॉक्सकडे (पंखा टांगायला स्लॅबमध्ये बसवलेल्या डब्याकडे) जाणाऱ्या वायरिंगच्या पायपा स्लॅबमध्येच गाडलेल्या असतात, त्या रेषेत ड्रिल चालवू देऊ नका. वजन चेनने पेलायचं, वायर तिच्यात सैल ओवलेली हवी. ताणून बसवलेली वायर होल्डरपाशी सुटते.

(गंगापूर रोडच्या डुप्लेक्सवाल्यांनी यातलं उंचीचं गणित मनावर घेऊ नये. 18 फुटी छताला 45 ते 54 इंच उंचीचं झुंबरही शोभतं.)

आणि आणलेलं 26 इंची परत करायची घाई नको. डायनिंग टेबलवर 7 फुटांची अट नसते, कारण खालून कोणी चालत नाही. टेबल साडेतीन फूट रुंद असेल तर 21 ते 28 इंच व्यास चालतो. टेबलाच्या पृष्ठभागापासून 36 इंच वर टांगा. टेबल 30 इंच उंच धरलं तर झुंबराचं टोक जमिनीपासून साडेपाच फुटांवर येईल. त्यासाठी आत्ताच्या चेनला आणखी 10 इंच कड्या जोडाव्या लागतील. इलेक्ट्रिशियन आला की जास्तीची वायर कापायला निघेल, त्याला ती वाटीत गुंडाळून ठेवायला सांगा.