संहितेमुळे घर महागेल का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नव्या बांधकामांना ऊर्जा संहिता, म्हणजे इमारत कमी वीज खाईल अशी बांधायचे नियम, सक्तीची करा, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "घरं आधीच परवडत नाहीत, त्यात आणखी एक दाखला. पाणी जिरवायचे खड्डे नकाशावरच राहिले, याचंही तेच होणार." तुम्ही स्वतः बांधकाम व्यवसायात आहात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी खर्चाचं बघू. निवासी इमारतींसाठीची इको निवास संहिता २०१८ पासून तयार आहे. छतातून आत येणाऱ्या उष्णतेला तिनं घातलेली मर्यादा (यू-मूल्य, म्हणजे उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप, १.२) नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबच्या साधारण एक तृतीयांश आहे. ती गाठायला उष्णता अडवणाऱ्या इन्सुलेशनचा एक-दीड इंची थर पुरतो. वर चायना मोझॅक तर तुम्ही घालताच. सात मजली इमारतीला गच्ची एकच. हा खर्च सगळ्या फ्लॅटवर वाटून बघा. तो थर नसेल तर अकोल्यात किंवा जळगावात वरच्या मजल्यावरचं कुटुंब मे महिन्यात रात्री बारालाही तापलेल्या स्लॅबखाली तळमळत असतं, आणि एसीचं बिलही तेच भरतं. नंतर गच्ची उकरायला सोसायटीत एकमत होणं किती अवघड, हे तुम्हाला मी सांगायला नको.

खिडक्यांचंही तसंच. मुंबई-कोकणच्या दमट हवेत खिडक्या-दारांचा उघडणारा भाग संहितेप्रमाणे कार्पेट क्षेत्राच्या १६.६६ टक्के हवा, म्हणजे ६०० चौरस फुटांच्या घराला बाल्कनीचं दार धरून १०० चौरस फूट. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते. त्याच मापाची बिजागरीची जवळपास पूर्ण उघडते. यात महागडी काच कुठेच येत नाही.

कागदावर राहण्याची तुमची भीती मात्र खरी आहे, आणि मलाही तीच वाटते. ऊर्जा संवर्धन कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनं १०० किलोवॅट कनेक्टेड लोडच्या (म्हणजे इमारतीला जोडलेल्या एकूण वीजभाराच्या) निवासी इमारतीही संहितेच्या कक्षेत येऊ शकतात, आणि ती मर्यादा आणखी खाली आणायची मुभा राज्याला आहे. पण नुसती अधिसूचना काढून भागणार नाही. मोझॅक बसला की खालचा थर कुणालाच दिसत नाही. म्हणून पाया जोत्यापर्यंत आला की होणाऱ्या जोते तपासणीसारखीच गच्चीची तपासणी मोझॅकआधी व्हावी, फोटो परवानगीच्या फाइलला लागावेत, आणि त्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये. वेगळा दाखला नको, त्यासाठी कार्यालयात वेगळा काउंटर नको. तुमच्यासारख्या बांधकाम करणाऱ्यांनीच ही मागणी केली, तर नगररचना विभागाला ती टाळणं जड जाईल.