शर्मन, पण नेमका कोणता?

प्लॅस्टिकचे रणगाडे जोडणाऱ्या प्रौढ माणसाला समाजात फारसा मान नाही, हे मी केव्हाच स्वीकारले आहे. घरी आलेले पाहुणे काचेच्या कपाटाकडे पाहून "मुलाचे का?" असे विचारतात आणि मुलगा बेंगळुरूला नोकरी करतो हे कळल्यावर विषय पावसाकडे वळवतात. परंतु खरा अपमान करणे पाहुण्यांच्या आवाक्यातले नाही. तो छंदातले जाणकारच करू जाणोत, आणि त्यासाठी त्यांना एकच प्रश्न पुरतो: "शर्मन करताय? वा, छान. कोणता?"

माझी मागणी वास्तविक अत्यंत माफक होती. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्रह्मदेशात मेइक्तिलाची लढाई झाली. तीत २५५ व्या भारतीय टँक ब्रिगेडच्या शर्मन या अमेरिकी बनावटीच्या रणगाड्यांनी इरावती ओलांडून जपानी सैन्याच्या पिछाडीस मुसंडी मारली आणि या ब्रिगेडमध्ये प्रोबिन्स हॉर्सच्या जोडीने रॉयल डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट लढली. जिच्या नावातच दख्खन आहे अशा रेजिमेंटचा एक रणगाडा आपल्या कपाटात असावा, एवढीच माझी इच्छा होती. दुकानदाराने अनेक खोकी पुढे मांडली. सगळ्यांवर शर्मन असे लिहिलेले होते, सगळ्यांवरच्या चित्रांत रणगाडा धूळ उडवत वाचकाच्या अंगावर येत होता, आणि किमती वगळता त्यांत काय फरक आहे हे दुकानदारालाही सांगता येत नव्हते.

फरक आहे, आणि तो अमेरिकी सैन्याने अत्यंत सुबोध वाटणाऱ्या पद्धतीने लिहून ठेवलेला आहे. एम४, एम४ए१, एम४ए२, एम४ए३, एम४ए४, अशी ही मालिका. शाळेत अंकगणित शिकलेला कोणीही गृहस्थ यावरून असे समजेल की ए४ ही ए३ ची सुधारित आवृत्ती असणार, आणि इथेच त्याच्या अधःपाताला सुरुवात होते. हे आकडे सुधारणेचा क्रम मुळीच सांगत नाहीत. इंजिन कोणते आणि सांगाडा ओतीव की वेल्डिंगने जोडलेला, एवढेच काय ते त्यांवरून कळते, आणि हे सारे प्रकार निरनिराळ्या कारखान्यांतून बरोबरीनेच बाहेर पडत होते. त्यातही ज्याला सगळ्यांचे मूळ समजावे तो साधा एम४ बाहेर पडू लागला १९४२ च्या जुलैमध्ये, तर एम४ए१ त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत हजर झालेला होता. एम४ए५ नावाचा शर्मन शोधण्यात कोणी आयुष्य घालवू नये, कारण तो क्रमांक कॅनडाच्या रॅम रणगाड्यासाठी राखून ठेवलेला होता आणि रॅम हा शर्मन नव्हे. एम४ए६ मात्र खरोखर होता. त्याचे अवघे ७५ नग तयार झाले, आणि माझा असा दाट संशय आहे की ते केवळ आमच्यासारख्यांना छळण्यासाठीच तयार करण्यात आले.

हा गोंधळ पुरेसा नाही असे वाटून ब्रिटिशांनी आपली स्वतंत्र पद्धत काढली. त्यांच्या लेखी एम४ म्हणजे शर्मन एक, एम४ए१ म्हणजे शर्मन दोन आणि याच हिशेबाने एम४ए४ म्हणजे शर्मन पाच, त्यामुळे अमेरिकी आकड्यात नेहमी एक मिळवावा लागतो. तोफ बदलली की या आकड्यापुढे एक अक्षर लागे: ७६ मिलिमीटर तोफेला ए, १०५ मिलिमीटर हॉवित्झरला बी आणि ब्रिटिशांच्या सुप्रसिद्ध सतरा पौंडी तोफेला सी. ज्याला सगळे फायरफ्लाय म्हणतात, तो शर्मन पाच सी याच पद्धतीतून जन्मला. आता अमेरिकी नावातला ए आणि ब्रिटिश नावातला ए यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. हे ठाऊक नसलेले दोन सज्जन 'ए' या विषयावर तासभर वाद घालताना मी पाहिले आहेत. दोघांचेही म्हणणे बरोबर होते, म्हणूनच वाद मिटत नव्हता.

तर माझा डेक्कन हॉर्सचा रणगाडा हा शर्मन पाच, म्हणजे एम४ए४ निघाला. मी हे आनंदाने आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना कळवले. हे गृहस्थ भिंगाशिवाय कोणत्याही रणगाड्याकडे पाहत नाहीत. ते म्हणाले, "मग तुम्हाला आठ मिलिमीटरांचा विचार करावा लागेल."

या आठ मिलिमीटरांची कथा मुळातून सांगितली पाहिजे. पहिल्या शर्मनांत कॉन्टिनेंटल कंपनीचे नऊ सिलिंडरांचे चक्राकार इंजिन होते आणि ते मूळचे विमानाचे. युद्धात विमानांनाही इंजिने लागतात हे लक्षात आल्यावर रणगाड्यांसाठी मिळेल ते इंजिन धुंडाळण्याची वेळ आली. ए२ मध्ये जनरल मोटर्सची दोन डिझेल इंजिने शेजारी शेजारी बसवली गेली, ए३ ला फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन मिळाले, आणि ए४ चे काम आले क्रायस्लरकडे. क्रायस्लरपाशी मोटारींची सहा सिलिंडरांची इंजिने भरपूर होती. त्यांतली पाच एकाच पेटीभोवती पंख्यासारखी जोडून तीस सिलिंडरांचे एक इंजिन तयार करण्यात आले. घाईच्या बैठकीत कोणीतरी काहीतरी सुचवतो आणि विरोध करण्याइतका वेळ कोणापाशीच नसतो, अशा प्रसंगी जगात ज्या वस्तू जन्माला येतात त्यांपैकी ही एक होय. नवल असे की ते इंजिन चालले, ब्रिटिशांच्या हाती बऱ्यापैकी विश्वासूही ठरले, आणि असे ७,४९९ रणगाडे डेट्रॉइटच्या टँक कारखान्यातून बाहेर पडले.

फक्त ते इंजिन जुन्या सांगाड्यात मावेना. म्हणून सांगाडा ११ इंचांनी लांबवण्यात आला. आमची मॉडेले खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याची असतात, आणि ११ इंचांना ३५ ने भागले की उत्तर येते आठ मिलिमीटर. (३५ नेच का, तर जपानच्या तामिया कंपनीने आपल्या पहिल्यावहिल्या पँथर रणगाड्याच्या मॉडेलचा आकार, आत ते चालवणाऱ्या विजेच्या छोट्या मोटरच्या बॅटऱ्या मावाव्यात अशा बेताने ठरवला, आणि तेव्हापासून साऱ्या जगाच्या रणगाड्यांचे माप त्या बॅटऱ्यांवर चालले आहे. इतिहासाला असली कारणे शोभत नाहीत, पण ती असतात.) शिवाय ही लांबी मागच्या टोकाला एक पट्टी चिकटवून भागत नाही. चाकांच्या तिन्ही बोगींमधले अंतर वाढते, मागचा डेक, म्हणजे इंजिनावरचे छत, लांबतो, त्या अवाढव्य इंजिनाच्या पंख्यापायी डेकवर एक फुगवटा येतो आणि पोटाखालीही येतो, जो मॉडेल उलटे केल्याशिवाय कोणाला दिसत नाही. आमचे ज्येष्ठ स्नेही मॉडेल उलटे करतात.

"अहो, आठ मिलिमीटरांनी कोणाला काय कळणार आहे?" असे सौभाग्यवतींनी विचारले. ज्यांना कळू नये त्यांनाच नेमके कळते, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यावर त्यांनी भांडी घासणाऱ्या बाईंना मॉडेल दाखवून त्यांचेही मत घेतले, आणि ते छंदाला अनुकूल नव्हते.

लांबी वाढली की ट्रॅक, म्हणजे चाकांभोवतीचा साखळीपट्टा, तोही वाढतो. इतर शर्मनांच्या एका बाजूच्या ट्रॅकला ७९ कड्या असत, ए४ ला ८३ लागतात. ज्यांनी अखंड रबरी ट्रॅक बसवून मोकळे व्हायचे ठरवले आहे त्यांनी हा मजकूर सुखाने सोडून द्यावा. माझ्या नशिबी सुट्या कड्यांचा संच आला. त्यातली प्रत्येक कडी स्वतंत्र आणि तिच्या दोन्ही टोकांना जोडणारे दोन तुकडे पुन्हा स्वतंत्र, त्यामुळे दोन्ही बाजूंचा हिशेब ४९८ तुकड्यांवर जातो. आमच्या घरी जुन्या पद्धतीची मोझॅइक फरशी आहे, आणि तिच्यातल्या करड्या ठिपक्यांचा आकार व रंग या जोडतुकड्याशी इतका तंतोतंत जुळतो की दोन्ही एकाच कारखान्यात तयार झाले असावेत. चिमट्यातून उडालेला तुकडा शोधण्यासाठी मी ओणवा झालो असताना ज्यांनी मला पाहिले, त्यांपैकी काहींनी माझ्या गुडघ्यांसाठी तेलेही सुचवली.

तरीही ए४ निवडल्याबद्दल मी दैवाचे आभार मानत होतो, कारण इतर प्रकारांत याहून भयंकर प्रश्न उभा राहतो. लग्न जमवताना आपल्याकडे नुसते आडनाव ऐकून कोणाचे समाधान होत नाही आणि पुढचा प्रश्न "मूळचे कुठले?" हाच येतो. शर्मनचेही तेच आहे. एम४ए२ एवढे कळून भागत नाही, कारण तो बाल्डविन किंवा अमेरिकन लोकोमोटिव्ह या आगगाड्यांची इंजिने बनवणाऱ्यांचा असू शकतो, डबे बनवणाऱ्या पुलमनचा असू शकतो, नाहीतर मोटारींच्या बॉडी घडवणाऱ्या फिशरचाही असू शकतो, आणि प्रत्येक घराण्याच्या वेल्डिंगच्या रेषा, दिव्यांचे संरक्षक गज व पुढच्या पत्र्याचे सांधे निराळे. ए४ चे मूळ गाव मात्र एकच, डेट्रॉइट. त्याच्या नाकाडावरचे गिअरपेटीचे आवरणही अखेरपर्यंत तीन तुकड्यांचे, बोल्टांनी जोडलेलेच राहिले, त्यामुळे तिथेही वादाला जागा नाही. मी स्नेह्यांना तसे ऐटीत सांगितले.

"पुन्हा दुरुस्त केलेला नसेल तर," ते म्हणाले.

झाले असे होते की अमेरिकी सैन्याने आपले बरेच ए४ मायदेशात प्रशिक्षणासाठी वापरले आणि मग त्यांतले पुष्कळसे कारखान्यात नव्याने सज्ज करून मित्रराष्ट्रांना पाठवले. त्या वेळी नव्या सोयी जुन्या सांगाड्यांवर चढल्या. म्हणजे १९४२ चा जन्म, १९४४ चे दागिने आणि १९४५ ची लढाई, अशी एकाच रणगाड्याची अवस्था असू शकते, आणि कोणता भाग कोणत्या वर्षाचा हे खोक्यावरच्या चित्रकाराला विचारून उपयोग नसतो. अशा वेळी एकच उपाय उरतो: विशिष्ट रणगाड्याचे विशिष्ट छायाचित्र मिळवायचे आणि त्यात दिसेल तेवढेच खरे मानायचे. हे तत्त्व मला मनापासून पटते. पुस्तकातल्या तक्त्यांपेक्षा एका अंधुक छायाचित्रावर माझा अधिक विश्वास आहे, कारण तक्त्यात रणगाडा कसा असावा हे असते आणि छायाचित्रात तो चिखल-सामानासह जसा होता तसा असतो.

वास्तविक मेइक्तिलाच्या बाबतीत चिखलसुद्धा नाही. ब्रह्मदेश म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर घनदाट जंगल, जळवा आणि संततधार येते, आणि म्हणून बहुतेक जण या रणगाड्यांना गुडघाभर चिखलाने माखतात. मेइक्तिला हे मध्य ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यातले गाव आहे आणि लढाई झाली ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. तिथे हवी ती धूळ. मी ती एअरब्रशने इतक्या प्रेमाने उडवली की रणगाड्याबरोबर बाल्कनीत वाळत घातलेल्या दोन चादरीही मेइक्तिलाला जाऊन आल्या.

मध्यंतरी खरे पोलाद पाहावे म्हणून मी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, लष्कराच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जाऊन आलो. तिथे पकडून आणलेले पॅटन आहेत, सेंच्युरियन आहेत, आणि सुरुंग झोडपण्यासाठी पुढे साखळ्यांचा रूळ लावलेला शर्मनही आहे. ओतीव पोलादाचा पृष्ठभाग किती खडबडीत असतो याचा अंदाज तिथेच येतो. आपण मॉडेलच्या टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटावर, प्लॅस्टिक जोडायचे पातळ सिमेंट लावून टूथब्रशने ठोकतो तो खडबडीतपणा प्रमाणात पाहता फार आहे, असे माझे मत झाले. इतर प्रेक्षक रणगाड्यांसमोर उभे राहून फोटो काढत असताना मी एका बोगीखाली डोके घालून मोजपट्टी धरली होती. तेव्हा एका लहान मुलीने आईला "ते काका काय दुरुस्त करतायत?" असे विचारले.

मला हवे तसे छायाचित्र अखेर सापडले. त्यात रणगाडा उजव्या बाजूने दिसत होता. सांगाड्याच्या कडेला दोन जादा चिलखती पत्रे जोडलेले होते, आणि ते बरोबरच होते, कारण आतल्या दारूगोळ्याच्या पेट्या उजवीकडे दोन व डावीकडे एक अशा असत आणि त्यांच्यासमोर बाहेरून एक इंच जाडीचे हे पत्रे लावत. मी त्याप्रमाणे दोन पत्रे इकडे, एक पत्रा तिकडे असा न्याय केला. टरेटही पूर्ण झाले. तेव्हा स्नेह्यांनी फोनवर शांतपणे विचारले, "पिस्टल पोर्टचे काय ठरले?"

पिस्टल पोर्ट म्हणजे टरेटच्या डाव्या कुशीतले, आतून उघडणारे एक छोटे जाड दार. त्यामुळे चिलखत कमकुवत होते असे वाटून १९४३ मध्ये ते काढून टाकण्यात आले. पण रणगाड्यातले लोक त्या दारातून पिस्तूल झाडण्यापेक्षा तोफेची रिकामी काडतुसे बाहेर टाकत आणि जमल्यास थोडी हवा आत घेत. त्यांची गैरसोय होऊ लागली तेव्हा दार परत आले. परिणामी शर्मनच्या टरेटला ते असते, नसते आणि पुन्हा असते. माझा रणगाडा त्यांतला कोणता हे छायाचित्र सांगू शकत नव्हते, कारण छायाचित्रकार उजवीकडे उभा होता आणि पिस्टल पोर्ट डावीकडे असतो.

त्या काळात मी त्या अज्ञात छायाचित्रकाराविषयी पुष्कळ विचार केला. गोळ्या सुटत असताना तो चार पावले चालून पलीकडे गेला असता तर काय बिघडले असते, असा माझा साधा प्रश्न होता. सौभाग्यवतींनी मात्र त्याचा पक्ष घेतला.

शेवटी मी डाव्या कुशीवर छद्मावरणाचे जाळे टाकले. युद्धातले सैनिक टरेटभोवती जाळी, ताडपत्र्या, बादल्या वाटेल ते लटकवत, त्यामुळे ऐतिहासिक दृष्ट्या त्याला कोणाचीही हरकत असू शकत नाही. पट्टीबंधाच्या जाळीदार कापडाचा तुकडा, सौम्य केलेला गोंद आणि हिरवा रंग यांतून ते फार सुंदर उतरले, अगदी त्याची गरज किती नेमक्या ठिकाणी होती हे न कळण्याइतके नैसर्गिक. मॉडेल पाहायला स्नेही घरी आले. त्यांनी प्रथम ते उलटे करून पोटाखालचा फुगवटा पाहिला, कड्या मोजल्या, आठ मिलिमीटर पट्टीने तपासले. मग सरळ करून डावी बाजू आपल्याकडे वळवली, भिंग काढले, जाळ्याकडे बराच वेळ पाहिले आणि खिशातून अगदी बारीक टोकाचा एक चिमटा बाहेर काढला.

"गोंद वाळला आहे का हो?" त्यांनी विचारले.