गवत नसलेल्या परसात कोंबड्या पाळाव्यात का?

घरामागे बारा फूट बाय पंधरा फुटांचे परस, त्यातल्या निम्म्या भागावर शहाबादी फरशी, उरलेल्यात तुडवून घट्ट झालेली माती, एका कडेला शेवगा आणि गवताचे एक पातेही नाही. अशा जागेत अण्णांनी चार कोंबड्या पाळाव्यात की नाही, यावर कराडच्या आमच्या कट्ट्यावर परवा बराच वाद झाला. तो लिहून काढावासा वाटला, कारण घरच्या अंड्यांची हौस अनेकांना असते, पण या प्रश्नाचा कोंबडीच्या बाजूने विचार क्वचितच होतो.

नानांचा विरोध अगदी मनापासून होता. त्यांचे बालपण राजापूरजवळ आजोळी गेले. तिथे कोंबड्या दिवसभर वाडीत मोकळ्या हिंडत आणि दिवेलागणीला खुराड्याकडे परत येत. जिला हिरवळीवर फिरता येत नाही, तिला चार भिंतींत आणून ठेवणे म्हणजे आपल्या हौसेपायी मुक्या जिवाला कोंडणे आहे, असे ते म्हणाले.

त्यावर पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेल्या डॉक्टरांनी त्यांना विचारले, “नाना, आजोळच्या कोंबड्या दिवसभर नेमक्या कुठे असत?” नानांनी थोडे आठवून सांगितले की फणसाखालच्या पाचोळ्यात आणि गोठ्यामागच्या उकिरड्यावर. डॉक्टरांना हेच दाखवायचे होते. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा, आणि हा पक्षी कुरणातला नसून बांबूच्या बेटांत, झुडपांच्या कडेने पालापाचोळा उकरून किडे आणि बिया वेचणारा आहे. कोंबडी गवताची पातीही खाते, पण तिची खरी भूक उकरण्याची असते. पायाखाली सैल काही नसेल, तर रिकामी चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते आणि एकमेकींना टोचून रक्त काढण्यापर्यंत गोष्ट जाते. शिवाय एवढ्याशा जागेत हिरवळ लावली, तरी चार कोंबड्या काही आठवड्यांत ती मुळासकट उकरून टाकतील.

मला डॉक्टरांचे म्हणणे पटले. कुक्कुटपालनातली गादी पद्धत छोट्या परसाला नीट लागू पडते. जमिनीवर भाताचे तूस, शेंगांची टरफले किंवा लाकडाचा भुसा यांचा सहा इंचांचा थर द्यावा आणि तो वरचेवर हलवत राहावे, म्हणजे विष्ठा त्यात मिसळून वाळते. पुढे हाच थर काढून कुजवला की झाडांना उत्तम खत मिळते, मात्र ताजी विष्ठा मुळाशी घातल्यास रोप करपते. एका कोपऱ्यात कोरडी माती, वाळू आणि चुलीतली राख भरलेले मोठे घमेले ठेवावे. कोंबडी त्यात अंग घुसळून उवा-पिसवा झटकते, आणि अशा धूळस्नानाची सोय तिला गवतापेक्षा कितीतरी अधिक गरजेची असते.

खरा खटका उडाला तो फरशीवरून. अण्णांचा बेत असा होता की फरशी तशीच राहू द्यावी आणि रोज सकाळी पाइपने धुऊन काढावी. डॉक्टर इथे फार कडक झाले. फरशीवर जाड गादी घातली तर काही बिघडत नाही, पण उघड्या कठीण फरशीवर सतत वावरल्याने तळपायाला जखमा होऊन त्या चिघळतात, आणि रोजच्या धुण्याने ओल कधीच हटत नाही. ओल्या गादीतून नाकाला झोंबणारा अमोनिया सुटतो आणि रक्ती हगवणीचे जंतू उबदार ओलाव्यातच वाढतात. गादीतली मूठभर तूस उचलून दाबावी, सोडल्यावर ती सुटी झाली तर ठीक, गोळा राहिला तर ओल जास्त आहे असे समजावे, ही त्यांची साधी कसोटी मला फार मोलाची वाटली. पाणी मारले म्हणजे स्वच्छता झाली, ही आपल्या घराघरांतली समजूत इथे पक्ष्याच्या जिवावर उठते.

हिरव्या चाऱ्यासाठी शेतातून गवत कापून आणता येईल, असे वहिनींनी सुचवले. डॉक्टरांनी लांब पात्यांबद्दल सावध केले, कारण ती गळ्याखालच्या पिशवीत गुंता होऊन अडकतात. त्यापेक्षा शेवग्याचा पाला, मेथी, कोबीची बाहेरची पाने यांची जुडी चोचीच्या जरा वर टांगावी, म्हणजे चाराही मिळतो आणि चाळाही. बलकाचा पिवळेपणाही अशा पाल्याने गडद होतो. मुख्य अन्न मात्र अंड्यावरच्या कोंबडीचे तयार खाद्यच हवे. ते एका पक्ष्याला दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम लागते. सोबत कवचासाठी शिंपल्यांचा चुरा द्यावा, आणि मोकळी माती मिळत नसेल तर बारीक खडेही द्यावेत, कारण दात नसलेली कोंबडी दाणा पोटातल्या खड्यांनीच दळते.

कोंबड्याची गरज नाही, अंडी त्याच्याशिवायही मिळतात, हे ऐकून शेजाऱ्यांच्या झोपेची वहिनींची काळजी मिटली. मानमोडीची, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची लस चुकवायची नाही, यावर कुणाचेच दुमत नव्हते. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा कोंबड्यांची केवढी मोठी कत्तल करावी लागली, याची आठवण डॉक्टरांनी दिली आणि खाद्याच्या भांड्यापर्यंत रानपक्षी पोहोचू देऊ नयेत, असे बजावले.

नाना तरीही पूर्ण राजी झाले नाहीत. घाम न येणारा हा पक्षी एप्रिलच्या उन्हात चोच उघडून धापा टाकतो, आणि शेवग्याची विरळ सावली त्याला पुरणार नाही, हा त्यांचा मुद्दा सर्वांना मान्य करावा लागला. त्यांचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. दोन वर्षांनी अंडी कमी होतील, कोंबडी मात्र त्यापुढे आणखी काही वर्षे जगेल, तेव्हा तिचे काय करणार? अण्णांनी लगेच उत्तर दिले नाही. वहिनींनी सांगितले की अंडी देवो न देवो, दारी आणलेला जीव शेवटपर्यंत सांभाळायचा, हे आधी ठरवूनच पक्षी आणायचे. माझ्या मते ज्यांना ही अट मान्य नाही, त्यांनी परसात कितीही गवत असले तरी कोंबड्या पाळू नयेत.

शेवटी असे ठरले की अण्णांनी आधी मातीच्या भागावर उतरता पत्रा आणि बाजूंनी मांजर-मुंगूस शिरणार नाही अशी मजबूत वेल्डमेश जाळी लावायची, आत तूस पसरायची आणि पावसाळाभर ती कोरडी राहते का, हे पाहायचे. कोंबड्या त्यानंतरच आणायच्या.