जिलेटिनच्या गोळ्यांतली दारू म्हणे उडून जाते!

रम किंवा व्हिस्की घालून घरच्या घरी जिलेटिनच्या गोळ्या कशा करायच्या, असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. कृतीबद्दल फार तक्रार नाही, पण खाली जी मखलाशी जोडलीय ती वाचून राहवलं नाही. काय तर म्हणे, दारू 78 डिग्रीला उकळते त्यामुळे गरम मिश्रणातून ती उडून जाते, नुसती चव मागे राहते, सबब पोरांनाही द्या. पुढे अजून तीन टिप्स आहेत, त्यांच्याकडे येतोच.

आधी ते 78. हा आकडा शुद्ध अल्कोहोलचा आहे, पाणी मिसळलं की गणित बदलतं, मिश्रण त्याहून जास्त तापमानाला उकळतं आणि वाफेत दोन्ही जातात, एकटी दारू निमूटपणे निघून जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा यावर तक्ताच आहे. उकळत्या पदार्थात दारू घालून लगेच गॅस बंद केला तर 85 टक्के अल्कोहोल तसंच राहतं, 15 मिनिटं शिजवलं तर 40 टक्के, तासभर शिजवलं तर 25, आणि अडीच तासांनंतरही 5 टक्के शिल्लक असतंच. आता मेसेजमधली कृती काय? गरम पाण्यात जिलेटिन विरघळवा, रम ओता, ढवळा, साच्यात भरा. म्हणजे सरळसरळ 85 टक्क्यांवालं प्रकरण.

हिशोब करून बघा. 40 टक्क्यांची रम 100 मिली घेतली तर तिच्यात 40 मिली अल्कोहोल, त्यातलं 34 मिली उरलं. सगळं मिळून 300 मिली मिश्रण आणि 10 मिलीच्या 30 गोळ्या धरल्या तर एकेका गोळीत एक मिलीहून थोडं जास्त. 30 मिलीच्या पेगमध्ये 12 मिली असतं. म्हणजे दहा गोळ्या खाल्ल्या की जवळपास एक पेग झाला, आणि गोड गोळ्या दहा कधी संपतात कळतही नाही. मोठ्या माणसाचं ठीक आहे हो, त्याला निदान माहिती असतं काय खातोय, पण लहान मुलाला हे देणं म्हणजे चक्क दारू पाजणंच आहे, त्यात चव-बिव काही नाही.

कोणी म्हणेल मग अजून उकळू. उकळा की! जिलेटिन जास्त वेळ उकळलं की त्याची धरण्याची ताकदच कमी होते, म्हणजे दारू घालवायच्या नादात हातात पाक उरणार.

आता त्या तीन टिप्स. पहिली टीप, पाणी नकोच, सगळं दारूतच करा म्हणजे चव कडक येईल. हे लिहिणाऱ्याने करून बघितलेलं नाही एवढं नक्की. जिलेटिनला फुगायला पाणी लागतं, कडक दारूत पावडर टाकली की ती फुगत नाही, गुठळ्या होतात नाहीतर चिकट दोरे दोरे होऊन चमच्याला लटकतात, कितीही ढवळा. थंड पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवायचं, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत विरघळवायचं, खाली उतरवून कोमट झालं की मग दारू, आणि तीही एकूण मिश्रणाच्या निम्म्याच्या आत. बाकी 7 ग्रॅमच्या एका पाकिटात कपभर मिश्रणाची नुसती लुसलुशीत जेली होते, हातात धरता येईल अशी गोळी हवी असेल तर तिप्पट घ्या.

दुसरी टीप, ताजा अननस घाला म्हणे. तो तर विसराच, त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम जिलेटिनचं प्रोटीनच तोडून टाकतं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तरी सेट होणार नाही. पपई आणि किवीचंही तेच. डब्यातला अननस चालतो कारण तो गरम केलेला असतो.

आणि तिसरी टीप, गोळ्या महिनाभर फ्रीजबाहेर टिकतात म्हणे. वरच्या हिशोबाने गोळीत अल्कोहोल साधारण 11 टक्के, 12 टक्क्यांची वाइन उघडी राहिली तर आंबते आणि ह्या ओलसर गोळ्या टिकणार? गरमीत मऊ होऊन एकमेकींना चिकटतील ते वेगळंच. फ्रीजमध्ये झाकणाच्या डब्यात ठेवा, आठवड्याच्या आत संपवा, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात दारू असं लिहून तो वरच्या खणात मागे ढकला, कारण दिसायला त्या बाजारातल्या जेलीच्या गोळ्यांसारख्याच दिसतात.