‘आपल्याकडं हीटर कशाला लागतंय’ म्हणणाऱ्यांनो, ऐका

डिसेंबर लागला की परभणी, जालना, बीड, कुठंही जा, गॅरेजात तीच तक्रार ऐकू येते: गाडीचा हीटर लावला तरी थंड हवाच येतेय. आणि उत्तरही ठरलेलं. ‘हीटरचा कोर गेलाय, डॅशबोर्ड खोलावं लागतंय.’ पाईपाला हात लावलेला नसतो, कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, टाकी उघडून बघितलेली नसते, आणि थेट डॅशबोर्ड! संताप याचा येतो की कितीतरी गाड्यांत हीटर आपोआप बिघडलेलाच नसतो. मागच्या उन्हाळ्यात कुणीतरी हातानं त्याची वाट लावलेली असते. थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरलेलं असतं.

नेहमीच्या पेट्रोल-डिझेल गाडीचा हीटर स्वतः उष्णता तयार करत नाही. इंजिन तापवतं त्या कूलंटचा एक फाटा बोनेटमागच्या पत्र्यातून आत येतो, डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतो आणि परत जातो. त्या छोट्या रेडिएटरलाच कोर म्हणतात. ब्लोअर त्याच्यावर हवा मारतो, बस. म्हणजे गरम हवेसाठी इंजिन पुरेसं तापलं पाहिजे, कूलंट पुरेसं असलं पाहिजे, ते कोरमधून वाहिलं पाहिजे आणि हवा वळवणारी पट्टी, म्हणजे फ्लॅप, त्या बाजूला वळला पाहिजे. तपासणी याच क्रमानं व्हायला हवी.

आता थर्मोस्टॅट. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारा हा छोटा व्हॉल. इंजिन थंड असेपर्यंत तो मोठ्या रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो, म्हणून इंजिन लवकर तापतं. एप्रिल-मे महिन्यात गाडी गरम मारायला लागली की मिस्त्री काय करतात? व्हॉल उपटून फेकून देतात. ‘आपल्या भागात लागत नसतंय.’ कुणी सांगितलं लागत नसतंय? परभणीत थंडीत पारा सहा अंशांच्याही खाली येतो, ते दिसत नाही का? आणि थंडी सोडा, व्हॉल काढल्यावर इंजिन बारा महिने नीट तापत नाही. इंजिनाच्या कंप्युटरला वाटतं इंजिन थंडच आहे, तो जास्त इंधन सोडत राहतो. अॅव्हरेज घटतं, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, चेक लाइट लागतो, स्कॅनरवर इंजिन नीट तापत नसल्याचा पी०१२८ कोड येतो. मग मालक ‘सेन्सर गेला’ म्हणून सेन्सर बदलत बसतो!

त्याहून वाईट म्हणजे बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटची मागची चकती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करते. व्हॉलच नसला की गरम कूलंट रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरतं. ज्या गाडीला थंड करायला हा उद्योग केला, तीच चढावर आणि ट्रॅफिकमध्ये जास्त तापते. गाडी तापत होती ती रेडिएटर बुजल्यानं, फॅन न लागल्यानं, वॉटर पंप थकल्यानं किंवा टाकीच्या झाकणाचा रबर गेल्यानं. ते शोधायला वेळ लागतो, व्हॉल उपटायला लागत नाही, एवढंच कारण आहे या सगळ्याचं.

व्हॉल आहे की नाही, हे घरी फुकटात कळतं. सकाळी थंड गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजला, म्हणजे जाड रबरी नळीला, हात लावून ठेवा, फक्त फॅनच्या पात्यांपासून हात लांब ठेवा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि मग थोड्या वेळात झपाट्यानं तापतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर व्हॉल उघडा अडकलाय किंवा आत नाहीच. हायवेला तापमानाचा काटा खाली पडतो, गावात थांबल्यावर वर येतो, हीही तीच खूण. काटा नसलेल्या गाडीत इंजिन थंड असल्याचा निळा दिवा उगीच लांबपर्यंत लागून राहतो. डिझेल गाडी मुळातच सावकाश तापते, तेवढा वेळ तिला द्या. जुना व्हॉल तपासायचा तर पातेल्यात पाण्यात टांगून तापवा. त्याच्यावर अंश कोरलेले असतात, त्याच्या आसपास तो उघडायलाच हवा.

आणि ते बोअरचं पाणी! गिझरची कॉइल वर्ष-दोन वर्षांत पांढऱ्या थरानं कशी जाड होते, हे इथल्या प्रत्येक घरानं बघितलंय. तेच पाणी इंजिनात ओततात आणि वर सांगतात, ‘काय होत नसतंय, पाणीच तर आहे.’ कोरच्या नळ्या बारीक असतात. क्षार आणि गंज आधी तिथंच बसतो. कूलंट निव्वळ गोठू नये म्हणून नसतं. ते गंज रोखतं, उकळायचा बिंदू वर नेतं, वॉटर पंपाचं सील सांभाळतं. आपल्या ४२-४३ अंशांच्या उन्हात त्याची गरज जास्तच आहे. तयार मिश्रण नसेल तर निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर, जे बॅटरीत घालतात तेच. छोट्या गाडीला एकूण चार-पाच लिटर पुरतं. हिरवं, लाल, निळं एकत्र ओतू नका आणि नुसत्या रंगावरही जाऊ नका. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तोच घ्या.

‘कोर गेलाय’ म्हणणाऱ्याला आधी एकच काम सांगा. इंजिन पूर्ण तापवा, हीटर फुल गरमवर ठेवा आणि बोनेटमागच्या पत्र्यात जाणारे दोन्ही पाईप जपून चाचपा. दोन्ही गरम असतील तर कोर ठीक आहे, दोष हवेच्या फ्लॅपचा. एक गरम आणि दुसरा गार, तर कोर बुजलाय. दोन्ही गार, तर कूलंट कमी आहे, लाइनीत हवा धरलीय, किंवा पाईपावरचा हीटर व्हॉल उघडत नाही. दोन्ही नुसते कोमट, तर पुन्हा थर्मोस्टॅट. हे बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि लोक आख्खा डॅशबोर्ड उचकटून क्लिपा मोडून ठेवतात. नंतर तो डॅशबोर्ड जन्मभर खडखडतो.

रेस दिल्यावर गरम हवा आणि गाडी थांबली की थंड, असं होत असेल तर हवा धरलीय, कूलंट कमी आहे किंवा पंप कमजोर आहे. हवा काढायची पद्धत सोपी आहे. इंजिन पूर्ण गार असतानाच झाकण उघडा. तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट दाबानं तोंडावर येतं. गाडीचं तोंड चढाला लावा, हँडब्रेक ओढा, हीटर फुल गरमवर ठेवा, इंजिन चालू करा. वरचा होज मधूनमधून दाबत राहा, बुडबुडे निघतील, पातळी खाली जाईल तशी भरत जा. फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत हे चालू द्या. हवा काढायचा स्क्रू दिला असेल तर आधी तो वापरा. बुडबुडे थांबतच नसतील, कूलंट कुठं न गळता कमी होत असेल, सायलेन्सरातून पांढरा धूर निघत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, तपासून घ्या. मग हीटर बाजूला ठेवा, आधी इंजिन वाचवा.

बुजलेला कोर बऱ्याचदा न काढताच मोकळा होतो. दोन्ही पाईप सोडायचे, बाहेर जाणाऱ्या तोंडातून साध्या नळीनं कमी दाबाचं पाणी उलटं मारायचं, स्वच्छ पाणी येईपर्यंत. नंतर डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन कूलंट भरायचं. कंप्रेसरची हवा मारू नका! जुना कोर जागेवर फुटतो आणि मग खरंच डॅशबोर्ड खोलावा लागतो. आत गोडसर वास, पायाखालचा गालिचा ओला, काचेवर चिकट धुकं, असं असेल तर कोर गळतोय. तिथं बदलण्याला पर्याय नाही.

फ्लॅपचं काम त्यामानानं हलकं. नॉबच्या गाडीत केबलची क्लिप निसटलेली असते, ऑटोमॅटिकमध्ये छोटी मोटर अडकते आणि डॅशमधून टकटक आवाज येतो. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडलाच चालत असेल तर स्पीड कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेलाय. हवाच कमी येत असेल तर ग्लोव्ह बॉक्समागचा फिल्टर काढून बघा, कापसाच्या हंगामात तो धूळ आणि तंतूंनी गच्च भरतो.

‘स्वेटर घाला की’ म्हणून हसणाऱ्यांचा राग सगळ्यात जास्त येतो. हीटर नुसत्या उबेसाठी नसतो! जानेवारीत पहाटे काच आतून धुरकटते आणि त्याच वेळी रस्त्यावर मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर अशी उसाची ट्रॉली असते. काच साफ करायची तर गरम हवा काचेवर, एसी चालू आणि आतली हवा फिरवायचं बटण बंद. एसी ओलावा ओढतो, गरम हवा काच सुकवते. हीटर नसला की लोक एका हातानं फडका फिरवत गाडी हाकतात. ज्यानं व्हॉल उपटला त्याला याचं काहीच वाटत नाही.

आणखी एक प्रकार चाललाय. कोर गळायला लागला की दोन्ही पाईप एकमेकांना जोडून टाकतात आणि मालकाला सांगतही नाहीत. जुनी गाडी घेताना बोनेट उघडून ते पाईप पत्र्यातून आत जातात का ते बघाच. थंड गाडीत कूलंटच्या टाकीत बोट घाला. गढूळ, तांबूस पाणी लागलं तर सौदा तिथंच थांबवा. आणि गाडी कुठंही दुरुस्तीला दिली, तर बदललेला जुना थर्मोस्टॅट हातात मागा आणि नव्याचं बिल घ्या. ‘काढून टाकला, लागत नसतंय’ असं म्हणाला तर पैसे देऊ नका, आधी नवा बसवून घ्या.